'सजेस्ट' कुठे वापरायचं, कसं वापरायचं आणि कधी त्याच्याऐवजी दुसराच शब्द घ्यायचा

'सजेस्ट' हा शब्द आपण मराठी बोलतानाच दिवसातून इतक्या वेळा वापरतो की तो इंग्रजी आहे हेच डोक्यातून गेलंय. एखादा चांगला मोबाइल सजेस्ट कर, बाळासाठी नाव सजेस्ट करा ना, डॉक्टरांनी मला रोज चालायला सजेस्ट केलंय. मराठीत हे सगळं खपतं, आणि खपू दे, त्यात काही बिघडत नाही. घोळ होतो तो हाच शब्द इंग्रजी वाक्यात नेताना, कारण त्याच्याबरोबर त्याचा सगळा मराठी गोतावळा पण आपण घेऊन जातो. मग 'प्लीज सजेस्ट मी अ गुड फोन' असलं वाक्य तयार होतं. अर्थ पोचतो, समोरचा फोनचं नाव सांगून मोकळा पण होतो, त्यामुळे वाक्य चुकलंय हे आपल्याला कधी कळतच नाही. पण हेच वाक्य नोकरीच्या अर्जात, क्लायंटच्या मेलमध्ये किंवा इंग्रजीच्या परीक्षेत गेलं की वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

तर आधी एवढं एक नीट करून घ्या, बाकीचं नंतर. इंग्रजीत सजेस्टच्या लगेच पुढे येते ती सुचवलेली गोष्ट, ज्याला सुचवली तो माणूस नाही. म्हणजे 'सजेस्ट अ फोन' बरोबर, 'सजेस्ट मी अ फोन' चूक. माणूस आणायचाच असेल तर मागून 'टू' लावून आणायचा, 'शी सजेस्टेड अ फोन टू मी'. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा माणूस आणायची गरजच नसते, 'कॅन यू सजेस्ट अ गुड फोन?' म्हटलं की कोणासाठी ते समोरच्याला कळतंच, तुम्हीच विचारताय ना. माझं तर सरळ म्हणणं आहे की सवय लागेपर्यंत सजेस्टच्या पुढचं 'मी' डोळे झाकून खोडून टाका, दहातल्या नऊ वाक्यांत तेवढ्यानेच काम होतं.

आपण इथेच का अडखळतो त्याचं कारण पण साधं आहे. 'गिव्ह मी', 'टेल मी', 'शो मी', 'सेंड मी' हे सगळं चालतं, मग सजेस्टनेच काय घोडं मारलंय असं वाटतं. पण इंग्रजीत क्रियापदांचे असे दोन गट आहेत, एका गटाला माणूस थेट चिकटतो आणि दुसऱ्याला 'टू' लागतंच. सजेस्ट दुसऱ्या गटात आहे आणि त्याच्या शेजारीच एक्सप्लेन, डिस्क्राइब, से, प्रपोज आणि मेन्शन बसलेत. म्हणून 'एक्सप्लेन मी धिस' पण चूक आणि 'ही सेड मी' पण चूक. एकदा हा गट लक्षात राहिला की पाच-सहा चुका एकदम जातात.

आणि गंमत म्हणजे 'सजेस्ट मी' दरवेळी चूक असतं असं पण नाही. 'दे सजेस्टेड मी फॉर कॅप्टन' हे एकदम बरोबर वाक्य आहे, त्याचा अर्थ कॅप्टन म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं. इथे सुचवलेली गोष्ट मीच आहे. म्हणूनच 'सजेस्ट मी' ऐकलं की इंग्रजी कानाला क्षणभर वाटतं की हा स्वतःचं नाव पुढे करायला सांगतोय, आणि मग मागून फोन येतो.

आता दुसरी चूक, ही तर पहिलीपेक्षा पण जास्त दिसते. 'ही सजेस्टेड मी टू टेक लीव्ह.' मराठीत 'त्याने मला रजा घ्यायला सुचवलं' म्हणतो ना, तेच शब्दाला शब्द ठेवून तिकडे गेलं. इंग्रजीत सजेस्टला 'अमक्याला अमुक करायला' ही रचना चालत नाही. टेल, आस्क, ॲडव्हाइज, एन्करेज यांना चालते, 'ही टोल्ड मी टू टेक लीव्ह' ठीक, 'ही ॲडव्हाइज्ड मी टू टेक लीव्ह' पण ठीक, पण सजेस्टला नाही. नुसतं 'ही सजेस्टेड टू टेक लीव्ह' पण नाही. मग काय करायचं? एक तर सरळ नाम वापरा, 'ही सजेस्टेड अ शॉर्ट ब्रेक'. नाहीतर क्रियापदाला 'इंग' लावा, 'ही सजेस्टेड टेकिंग लीव्ह'. नाहीतर 'दॅट' घालून पूर्ण उपवाक्य करा, 'ही सजेस्टेड दॅट आय टेक लीव्ह', यातलं दॅट बोलताना गाळलं तरी चालतं. 'इंग'वाल्या वाक्यात एक छोटी गोम आहे, 'आय सजेस्ट गोइंग अर्ली' म्हटलं तर कोण जाणार ते मोघम राहतं, मी पण जाणार की तुम्हीच जायचंय, कधीकधी ते मोघम राहिलेलंच बरं असतं, पण नेमकं सांगायचं असेल तर 'आय सजेस्ट यू गो अर्ली' करा. शिवाय प्रश्नार्थक शब्द पण चालतात, 'कॅन यू सजेस्ट व्हेअर टू स्टार्ट?', 'कॅन यू सजेस्ट हाऊ वी कुड फिक्स धिस?' हे दोन्ही बिनधास्त वापरा.

'दॅट'वाल्या रचनेत पुढचं क्रियापद कसं येतं ते जरा नीट बघा कारण इथे शाळेत शिकवलेला 's' लावायचा नियम गुंडाळून ठेवावा लागतो. 'आय सजेस्ट दॅट ही गो', गोज नाही. 'आय सजेस्टेड दॅट ही गो', वेंट नाही. क्रियापद मूळ रूपात, काळ कुठलाही असो आणि कर्ता कोणीही असो. अमेरिकन इंग्रजीत हे अगदी पक्कं आहे, ब्रिटिश लोक बऱ्याचदा मध्ये शुड घालतात, 'आय सजेस्टेड दॅट ही शुड गो', ते पण बरोबरच. गोंधळ होत असेल तर मनात शुड घालायचं आणि लिहिताना गाळायचं, 'ही शुड गो'मधलं शुड काढलं की 'ही गो' उरतं, झालं काम.

पण हे मूळ रूप फक्त 'सुचवणे' या अर्थाला, आणि सजेस्टचा दुसरा अर्थ पण आहे, त्यावरून तसं वाटणं, दिसणं, सूचित होणं. तिथे क्रियापद नेहमीसारखंच चालतं. हे समजायला दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'द नर्स सजेस्टेड दॅट ही बी लेफ्ट अलोन.' आणि 'द नर्स सजेस्टेड दॅट ही वॉज लेफ्ट अलोन.' फरक फक्त 'बी' आणि 'वॉज'चा. पहिल्यात नर्स म्हणतेय की त्याला जरा एकटं राहू द्या. दुसऱ्यात नर्सच्या बोलण्यातून असं निघतंय की त्याला एकटं सोडून दिलं होतं, म्हणजे जवळजवळ तक्रारच. एका बारक्या शब्दाने काळजीची चौकशी होते. वकिली कागदात किंवा हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये हे केवढ्याला पडेल विचार करा.

हा दुसरा अर्थ बातम्यांत आणि रिसर्चमध्ये जास्त भेटतो. 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट द ड्रग वर्क्स', म्हणजे निकालांवरून औषध लागू पडतंय असं दिसतं, सिद्ध झालंय असं नाही. शास्त्रज्ञ मुद्दाम हा शब्द घेतात कारण त्यात मागे हटायला जागा राहते. प्रूव्ह सगळ्यात पक्कं, डेमन्स्ट्रेट आणि शो त्याच्या जरा खाली, इंडिकेट अजून खाली आणि सजेस्ट त्याच्याही खाली. बातमीचा मथळा वाचताना एवढं एक क्रियापद बघायची सवय लावली तरी 'संशोधनाने सिद्ध केलं' छापाच्या अर्ध्या दाव्यांतली हवा निघते, कारण मूळ पेपरात नुसतं सजेस्ट असतं आणि मथळा देणाऱ्याने त्याचं प्रूव्ह करून टाकलेलं असतं.

बोलताना हाच अर्थ जरा धारदार होतो. 'आर यू सजेस्टिंग दॅट आय लाइड?' हा सल्ल्याबद्दलचा प्रश्न नाही, तुला काय म्हणायचंय, मी खोटं बोललो? असा सरळ जाब आहे. आणि 'आय ॲम नॉट सजेस्टिंग एनीथिंग, बट...' अशी सुरुवात झाली की समजायचं, आता बट नंतर जे येणार तेच त्याला म्हणायचं होतं.

जाता जाता 'सुचणे' आणि 'सुचवणे' यांचं पण बघून घेऊ. मराठीत एक 'व' घातला की काम होतं, मला सुचलं आणि मी सुचवलं. इंग्रजीत सजेस्ट फक्त सुचवण्याला. 'मला एक आयडिया सुचली' याला 'आय सजेस्टेड ॲन आयडिया' म्हटलं तर अर्थच बदलला, ती तुम्ही कोणापुढे तरी मांडली असं झालं. सुचण्यासाठी 'आय थॉट ऑफ ॲन आयडिया', 'आय केम अप विथ ॲन आयडिया' किंवा 'इट ऑकर्ड टू मी दॅट' वापरा. एक जुन्या वळणाचं 'ॲन आयडिया सजेस्टेड इटसेल्फ' पण आहे, म्हणजे कल्पना आपणहून डोक्यात आली, पण ते लेखनात शोभतं, बोलताना कोणी म्हणत नाही.

उच्चाराचं लवकर उरकतो. ब्रिटिश लोक 'सजेस्ट' म्हणतात, अमेरिकन लोकांच्या तोंडून बऱ्याचदा मधला ग पण ऐकू येतो, 'सग्जेस्ट'. दोन्ही चालतं. स्पेलिंगमध्ये जी दोनदा आहे, एवढंच.

आता भावंडं. सजेस्ट, रेकमेंड, ॲडव्हाइज आणि प्रपोज या चौघांना डिक्शनरीत एकमेकांचे समानार्थी म्हणून लिहिलेलं असतं आणि त्यामुळेच लोक एकाच्या जागी दुसरा टाकतात. माझ्या मते यांच्यातला खरा फरक हा आहे की बोलणारा किती जबाबदारी अंगावर घेतोय. सजेस्टमध्ये जवळपास शून्य, एक विचार मांडला, घ्या नाहीतर सोडा. रेकमेंडमध्ये माझं नाव पणाला लागतं, मी वापरलंय किंवा मला माहिती आहे, आणि हे चांगलं आहे असं मी म्हणतोय. ॲडव्हाइजमध्ये माझा अधिकार येतो, मी या विषयातला जाणकार आहे आणि तुझ्या परिस्थितीत तू काय करावंस ते सांगतोय. प्रपोजमध्ये एक ठोस योजना टेबलावर ठेवलेली असते आणि त्यावर हो किंवा नाही असा निर्णय व्हायचा असतो. मराठीत सुचवणं, शिफारस करणं, सल्ला देणं, प्रस्ताव मांडणं.

रेकमेंड आणि सजेस्ट यांच्यातला फरक काही लोकांनी चक्क नियमात बसवलाय. डॉक्टरांसाठी उपचारांच्या गाइडलाइन्स लिहिताना 'ग्रेड' नावाची एक पद्धत जगभर वापरतात, त्यात शिफारस भक्कम असेल तर 'वी रेकमेंड' लिहायचं आणि कमकुवत किंवा परिस्थितीवर अवलंबून असेल तर 'वी सजेस्ट' लिहायचं असा संकेत आहे. म्हणजे तिथे सजेस्ट वाचलं की डॉक्टरला कळतं, इथे पेशंटशी बोलून ठरवायला वाव आहे, सगळ्यांना एकच माप लावायचं नाही. कॉम्प्युटरवाल्यांचं पण असंच. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या कागदपत्रांत असतात त्यातल्या १९९७ सालच्या आरएफसी २११९ मध्ये शब्दांचे अर्थच ठरवून दिलेत. मस्ट म्हणजे करायलाच पाहिजे, मे म्हणजे ऐच्छिक, आणि रेकमेंडेड म्हणजे शुड, योग्य कारण असेल तर बाजूला ठेवू शकता पण त्याचे सगळे परिणाम समजून, तोलून मगच. त्यात सजेस्टेड नावाची पायरीच नाही.

रेकमेंडच्या पुढे 'मी' चालतं का असं विचाराल तर काही इंग्रजी लोक 'कॅन यू रेकमेंड मी अ हॉटेल?' म्हणतात पण, सजेस्टइतकं ते कोणाला टोचत नाही, तरीही लिहिताना 'मी' गाळलेलंच बरं. 'माय मॅनेजर रेकमेंडेड मी फॉर द पोस्ट' हे मात्र पूर्ण बरोबर, तिथे शिफारस माझीच आहे. जोर द्यायला 'हायली रेकमेंड' आणि 'स्ट्राँगली रेकमेंड' दोन्ही चालतात, वस्तूचं कौतुक करताना हायली आणि काही करायला सांगताना स्ट्राँगली जास्त शोभतं. 'स्ट्राँगली सजेस्ट' पण चालतं, ते ऐकलं की समजा सूचना आता हुकमाच्या उंबऱ्यावर आलीय. 'हायली सजेस्ट' अलीकडे बरेच जण म्हणतात, पण मला ते कानाला बरं लागत नाही, तुम्ही टाळा असं मी म्हणेन. स्पेलिंग लिहिताना सी एकच आणि एम दोन, उलटं लिहिणारे पुष्कळ आहेत.

ॲडव्हाइजमध्ये तीन खड्डे आहेत. पहिला, क्रियापद ॲडव्हाइज आणि नाम ॲडव्हाइस, क्रियापदात एस आणि नामात सी, आणि उच्चार पण वेगळा, क्रियापदाचा ज 'जहाज'मधल्या शेवटच्या ज सारखा. दुसरा, नाम मोजता येत नाही, म्हणून 'ॲन ॲडव्हाइस' नाही आणि 'मेनी ॲडव्हाइसेस' तर अजिबात नाही. 'सम ॲडव्हाइस', 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', किंवा सरळ 'अ सजेशन' करा कारण सजेशन मोजता येतं, टू सजेशन्स, थ्री सजेशन्स, काही अडचण नाही. तिसरा खड्डा म्हणजे मेलच्या शेवटी ठोकलेलं 'प्लीज ॲडव्हाइज'. तिथे ॲडव्हाइजचा अर्थ सल्ला नसून 'कळवा' असा असतो. चूक नाहीये ते, पण समोरच्याला नक्की काय कळवायचं ते सांगितलेलं नसतं आणि वर सूर जरा तुसडा लागतो. त्यापेक्षा 'कुड यू टेल मी विच व्हर्जन टू यूज?' असं नेमकं विचारलं की उत्तर पण नेमकं येतं.

ॲडव्हाइजच्या पुढे अर्ज आहे, यू आर जी ई वाला, म्हणजे कळकळीने गळ घालणं. आणि मग परस्वेड, पण हा वेगळ्या जातीचा, कारण यात समोरचा ऐकतोच. 'आय ॲडव्हाइज्ड हिम टू सेल द कार' यात त्याने गाडी विकली की नाही माहीत नाही, 'आय परस्वेडेड हिम टू सेल द कार' यात तो तयार झाला. पटवून 'सांगितलं' आणि पटवून 'दिलं' यांच्यात जेवढं अंतर तेवढंच.

प्रपोज म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट डोळ्यापुढे येते आणि तिथलंच वाक्य चुकतं. 'ही प्रपोज्ड हर' नाही, 'ही प्रपोज्ड टू हर'. हा पण त्या 'टू'वाल्या गटातलाच आहे ना. लग्न सोडून बाकी ठिकाणी प्रपोज हा मीटिंगमधला, कागदावरचा शब्द आहे, प्लॅन प्रपोज करतात, बजेट प्रपोज करतात, सभेत ठराव कोणी प्रपोज करतो आणि कोणी सेकंड करतो, म्हणजे मांडणारा आणि अनुमोदन देणारा. मित्राला सिनेमाला नेताना 'आय प्रपोज दॅट वी वॉच अ मूव्ही' म्हणाल तर तो हसेल, मस्करीत म्हणत असाल तर चालू द्या. अजून एक, 'आय प्रपोज टू फिनिश धिस टुडे' यात प्रपोजचा अर्थ बेत असणं असा होतो, मी हे आज संपवायचं म्हणतोय.

आता आडून सांगणारे शब्द, म्हणजे लेकी बोले सुने लागे वाला सगळा प्रकार. हिंट म्हणजे इशारा, तो देताना 'ड्रॉप अ हिंट' म्हणतात आणि समोरच्याने ओळखला तर 'टेक द हिंट'. हिंट देणाऱ्याची इच्छा असते की समोरच्याने ओळखावं. इम्प्लाय म्हणजे उघड न म्हणता बोलण्यातून सुचवणं, चांगलं किंवा वाईट दोन्ही. इन्सिन्युएट मात्र नेहमीच वाईट, हळूच काडी टाकणं, कोणाच्या चारित्र्याबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल शंका येईल असं बोलायचं आणि वर मी कुठे काय म्हटलं म्हणायचं. याचं लॅटिन मूळ वळणं घेत आत शिरणं असं आहे आणि इम्प्लायचं मूळ घडीत गुंडाळणं, दोन्ही इतके चपखल आहेत की एकदा ऐकले की गोंधळ होत नाही. सजेस्टचं मूळ खालून आणून पुढे करणं, सब म्हणजे खाली आणि गेरेरे म्हणजे वाहणं. इंग्रजीत आधी सजेशन हे नाम आलं, चौदाव्या शतकात, आणि तेव्हा त्याचा रोख वाईट कामाला फूस लावण्याकडे होता. क्रियापद त्याच्या बरंच नंतर, सोळाव्या शतकात.

इम्प्लाय आणि इन्फर यात चांगले चांगले लोक घसरतात. इम्प्लाय करतो बोलणारा, इन्फर करतो ऐकणारा. तुम्ही घड्याळाकडे बघत 'बराच उशीर झाला नाही?' म्हणालात, तुम्ही इम्प्लाय केलंत. पाहुणे समजले आणि उठले, त्यांनी इन्फर केलं. म्हणून 'व्हॉट आर यू इन्फरिंग?' असं चिडून विचारणारा माणूस चुकीचा शब्द वापरतोय, त्याला इम्प्लाइंग म्हणायचंय.

आणि इंटिमेट. 'किंडली इंटिमेट अस' हे आपल्या सरकारी छापाच्या इंग्रजीत ठाण मांडून बसलंय, कळवा या अर्थाने. बाहेरच्या इंग्रजीत इंटिमेट हे क्रियापद सहसा आडून सूचित करणं या अर्थाने येतं आणि विशेषण म्हणून तर एकदम खासगी जवळीक. परदेशी क्लायंटला 'प्लीज इंटिमेट मी' लिहू नका, 'प्लीज लेट मी नो' लिहा, विषय संपला.

बोलताना तर सजेस्ट हा शब्द न घेताच बहुतेक सूचना होतात आणि त्या जास्त गोड लागतात. 'हाऊ अबाउट टुमॉरो?', 'व्हाय डोन्ट वी आस्क हर?', 'शॅल वी स्टार्ट?', 'मेबी वी कुड ट्राय द अदर वन'. हाऊ अबाउटच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला इंग लावा, 'हाऊ अबाउट गोइंग टुमॉरो?'. 'यू माइट वॉन्ट टू चेक धिस' हे ऐकायला एकदम मऊ आहे पण ऑफिसात साहेबांकडून आलं तर त्याचा अर्थ आत्ता जाऊन चेक कर असाच घ्यायचा. तसंच साहेब 'आय सजेस्ट यू रीड द इन्स्ट्रक्शन्स' म्हणाले तर ती सूचना नाही, झाडलंय तुम्हाला. खालच्या माणसाने वरच्याला नुसतं 'आय सजेस्ट' म्हणणं पण जरा आगाऊपणाचं वाटू शकतं, तिथे 'कुड वी' किंवा 'वुड इट हेल्प इफ' जास्त बरं.

एक मेल घेऊन बघू, असले मेल रोज पाठवले जातात. 'सर, आय सजेस्ट यू टू पोस्टपोन द मीटिंग. प्लीज सजेस्ट मी अ न्यू डेट अँड आय विल इंटिमेट द सेम टू क्लायंट.' दोन वाक्यं आणि वर बघितलेलं जवळजवळ सगळं त्यात आहे. पहिलं सजेस्ट रचनेने चुकलंय आणि सूर पण साहेबांना शिकवल्यासारखा आहे, म्हणून ते प्रश्नात बदलू आणि कारण पण देऊ, 'कुड वी मूव्ह द मीटिंग टू थर्सडे? द रिपोर्ट वोन्ट बी रेडी बिफोर दॅट.' दुसरं सजेस्ट ठेवू, फक्त 'मी' काढू, 'इफ थर्सडे डझन्ट वर्क, प्लीज सजेस्ट अनदर डे'. इंटिमेट आणि 'द सेम' दोन्हींना निरोप देऊ, 'अँड आय विल लेट द क्लायंट नो'. मेल लांबला थोडा, पण आता साहेबांना फक्त हो म्हणायचंय, आधीच्या मेलमध्ये कारण पण त्यांनीच विचारायचं होतं आणि तारीख पण त्यांनीच शोधायची होती.

विशेषणाबाबत मात्र सांभाळा. सजेशनने भरलेलं म्हणजे सजेस्टिव्ह असं वाटतं आणि लोक बॉसला 'युअर कमेंट्स वेअर व्हेरी सजेस्टिव्ह' लिहून टाकतात. बोलणं, हावभाव, नजर यांना सजेस्टिव्ह म्हटलं की त्याचा अर्थ चावट, द्व्यर्थी असा होतो. तुम्हाला म्हणायचं होतं 'हेल्पफुल' किंवा 'युसफुल'. 'सजेस्टिव्ह ऑफ' मात्र निर्धोक आहे, 'सिम्प्टम्स सजेस्टिव्ह ऑफ मलेरिया' असं मेडिकल रिपोर्टमध्ये सर्रास असतं, म्हणजे लक्षणं मलेरियाची वाटतात. आणि सजेस्टिबल वेगळा, ज्याच्या डोक्यात दुसऱ्याने सुचवलेलं सहज घुसतं तो.

मानसशास्त्रात तर सजेशनचा हाच अर्थ महत्त्वाचा, नकळत डोक्यात कल्पना पेरणं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर 'स्मॅश' झाल्या तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या वर गेलं, 'काँटॅक्ट' म्हटलं तर ३२च्या आसपास आलं. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर स्मॅशवाल्या ५० जणांतले १६ हो म्हणाले, 'हिट'वाल्या ५० जणांतले ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. कोर्टात ज्याला लीडिंग क्वेश्चन म्हणतात तो हाच, ज्या प्रश्नात उत्तर आधीच सुचवलेलं असतं.

सरावाला थोडी वाक्यं टाकतो, आधी स्वतः दुरुस्त करा मग पुढे वाचा. 'शी सजेस्टेड मी' छापाचं नको, ते झालं, त्यामुळे जरा आडवी घेतलीत. 'द डॉक्टर सजेस्टेड टू ड्रिंक मोअर वॉटर', 'माय फ्रेंड रेकमेंडेड दॅट शी जॉइन्स द क्लास', 'आय नीड ॲन ॲडव्हाइस', 'हिज टोन इम्प्लाइड दॅट ही बी अँग्री', 'वी सजेस्टेड हर फॉर द टीम'. पहिल्यात 'ड्रिंकिंग मोअर वॉटर' करा. दुसऱ्यात रेकमेंडला पण सजेस्टचाच नियम, म्हणून 'शी जॉइन'. तिसऱ्यात 'सम ॲडव्हाइस'. चौथ्यात सुचवणं नाहीये, सुरावरून तसं वाटतंय, म्हणून मूळ रूप नाही, 'ही वॉज अँग्री'. पाचवं होतं तसंच ठेवा, टीमसाठी तिचंच नाव सुचवलंय.